करड्या चौकोनाभोवती

१

अँब्युलन्सला भोवळ आली, ती ऐन परीक्षेच्या वेळी.

खरी अँब्युलन्स नव्हे हो, पडद्यावरची. रायापूरच्या 'गतिरेखा' कंपनीत केशवापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळाचे विश्वस्त येऊन बसले होते. चहा झाला होता, पेढे फिरले होते. भिंतीएवढ्या पडद्यावर हुबळी-धारवाड उभं होतं: रस्ते, सिग्नल, मधल्या मार्गिकेतल्या बसगाड्या, उणकलचं तळंसुद्धा. नवनगरातल्या एका घरातून पेशंट उचलायचा आणि कमीत कमी वेळात केशवापूरला पोचवायचा, एवढंच काम होतं. जमलं, तर त्या इस्पितळाच्या सगळ्या गाड्यांचे रस्ते 'गतिरेखा'च ठरवणार होती.

रस्ता बसवला होता दीक्षा कोलकार नावाच्या मुलीनं. गाडी निघाली, दोन वळणं तिनं झोकात घेतली, आणि हमरस्ता सोडून भलत्याच गल्लीत शिरली. तिथे एक करडा चौकोन होता, म्हणजे कुठलीशी इमारत. गाडी त्याच्याभोवती रमतगमत निघाली. दोन बाजू झाल्या, तिसरी झाली, चौथ्या बाजूला अर्ध्यावर थबकली, वळली आणि आल्या वाटेनं परत फिरली.

"पेशंटला गाव दाखवायला नेताय काय हो?" एक विश्वस्त म्हणाले, आणि सगळे हसले.

थोरले विश्वस्त नारायणराव मात्र हसले नाहीत. ते काठी टेकत उठले. "श्रीवत्स, आमच्या पेशंटला एवढी सवड नसते. हे कुणी केलं ते आधी शोध, मग बोलू."

मालक श्रीवत्सनं घाईघाईनं पडदा बंद केला. खोलीतल्या सगळ्या माना दीक्षाकडे वळल्या होत्या.

२

श्रीवत्सची आत्या हेमावती गलगली म्हणजे निवृत्त सरकारी वकील. धारवाडच्या कोर्टात त्यांचा असा दरारा, की खोटे साक्षीदार आदल्या दिवशीच आजारी पडायचे. आता बाई घरी असतात, शेजाऱ्यांची भांडणं मिटवतात आणि आपण सहसा चुकत नाही असं स्वतःच सांगतात. ते खरंही असतं, हीच लोकांची पंचाईत.

"आत्या, सोमवारी त्या मुलीला काढावं लागेल," श्रीवत्स म्हणाला. शनिवारची सकाळ होती, आत्याला त्यानं ऑफिसातच बोलावून घेतलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "विश्वस्तांना नाव हवंय. रस्ता तिनं बसवला, फाइल तिची."

"कबूल केलं तिनं?"

"छे! भांडते ती."

"मग जमेल आमचं. आता मला हे प्रकरण पहिल्यापासून दाखव. आणि इंग्रजी फेकू नकोस माझ्यावर, मी जजला कानडीत गप्प केलंय."

श्रीवत्सनं नकाशा उघडला. रस्त्यावर ओळीनं ठिपके होते. ह्या मंडळींच्या भाषेत ते वेपॉइंट. ठिपके ठेवत जायचं, प्रत्येकाला वेग द्यायचा. गाडी एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाते. स्वतःची अक्कल ती चालवत नाही.

"रांगोळीच की रे ही!" बाई म्हणाल्या. "ठिपका भलतीकडे पडला, की मोराचा कावळा होतो. म्हणजे कुणीतरी मध्येच जादा ठिपके घातले. ते कुणाला घालता येतात?"

"तसं... सगळ्यांनाच. आमचं एकच खातं आहे. पासवर्ड तो बघ, फळ्यावर लिहिलाय."

फळ्यावर खरंच लिहिला होता, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. हेमावतीबाईंनी कपाळावर हात मारला. "घराला कुलूप लावायचं नि किल्ली दारालाच टांगायची! आणि वर त्या पोरीला म्हणायचं, फाइल तुझी. बरं, चालव ती गाडी."

गाडी पुन्हा निघाली, चौकोनाशी आली, तीन बाजू चालून चौथ्या बाजूला थबकली, परत फिरली. श्रीवत्सचा हात सवयीनं बंद करायच्या बटणाकडे गेला.

"थांब! काल पुढे काय झालं?"

"पुढे कसलं? बंदच केलं मी."

"आणि नंतर? शेवटपर्यंत कुणी बघितलं?"

श्रीवत्सनं बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. म्हणजे कुणीच बघितलं नव्हतं. नाक कापलं गेलेला माणूस आरशात परत परत बघतो कशाला?

गाडी चौकोनाच्या पुढच्या बाजूला आली. मग दुसऱ्या अंगानं गेली, त्याच चौथ्या भिंतीशी आता पलीकडून पोचली, थबकली, परत पुढे आली. जराशी थांबली. आणि मग शहाण्या मुलासारखी हमरस्त्याला लागली, उणकलचं तळं मागे टाकून थेट केशवापुरात इस्पितळाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"अगं बाई!" हेमावतीबाई खुर्चीत सरळ झाल्या. "घातच करायचा असता, तर गाडी तळ्यात घातली असती. हिला तर नीट पोचवलंय. आणि चौकोनाभोवती एवढी हळू का चालते?"

श्रीवत्सनं बघितलं. "वेग मुद्दाम कमी केलाय. माणसाच्या चालीचा."

"हा चौकोन कशाचा?"

"काय की. उपग्रहाला नुसतं छप्पर दिसतं. बारक्या इमारतींना आम्ही नावं देत नाही."

दीक्षा आत आली ती रडवेली नव्हती, संतापलेली होती. बाईंनी बस म्हणताच बसली.

"मॅडम, त्या गल्लीत माझा एकही ठिपका नव्हता. गुरुवारी संध्याकाळी मी गाडी पाच वेळा चालवून बघितली. मग डबा विसरले म्हणून परत येऊन किल्ली मागितली, हे खरं आहे. पण संगणकाला हात लावला नाही."

"नोकरी जाईल याची भीती वाटते?"

"नोकरी दुसरी मिळेल. आमच्या अप्पांनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय, माझ्या लेकीनं अँब्युलन्सचा रस्ता काढलाय म्हणून. आता काय सांगतील? लेकीनं पेशंटच्या गाडीशी खेळ केला? हे नाव मला चिकटलं तर निघायचं नाही, मॅडम."

"चिकटू देत नाही मी," हेमावतीबाई म्हणाल्या. शब्द देताना त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं.

३

राहिले दोघं. सुधींद्र कामं मिळवून आणायचा, आणि प्रभंजन मुख्य इंजिनियर.

सुधींद्र अत्तर लावून आला होता आणि घामानं ते वाया गेलं होतं. "आत्याबाई, माझं नि दीक्षाचं वाजलं होतं, लपवत नाही. मी म्हणत होतो, गाडी हमरस्त्यानंच ने, पडद्यावर ऐट दिसते. ती म्हणाली, ऐट नको, वेळ वाचव. पण माझंच काम मी कशाला बुडवीन?"

"बेंगळुरूला दुसरी नोकरी बघितली असेल, तर बुडवशील की."

हा अंधारात मारलेला खडा होता. सुधींद्रचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला कुणी... बघितली होती. मिळाली नाही."

"मिळाली नाही? मग इथलं बुडवून खाशील काय? बरं, गाडी कशी वागली, ते तुझ्या शब्दांत सांग."

"त्या बिल्डिंगच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागे आली. गेट बंद असल्यासारखी."

"गुरुवारी संध्याकाळी किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे. पण सगळेच एकदा परत आले. दीक्षा डब्यासाठी, प्रभंजन हेल्मेटसाठी. मी स्वतः चार्जर विसरलो होतो."

म्हणजे किल्लीनं काही सुटत नव्हतं. बाईंनी त्याला जा म्हटलं.

प्रभंजन चाळिशीतला, सडपातळ, बोलण्यात धारदार. ऑफिसात दसऱ्याला संगणकांची पूजा होते, तेव्हा हा बाहेर टपरीवर चहा पीत बसतो, हे श्रीवत्सनं आधीच सांगून ठेवलं होतं. अंधश्रद्धेवर कॉलेजांत भाषणंही देतो म्हणे. श्रीवत्सचा त्याच्यावर फार जीव होता, कारण अँब्युलन्सचे रस्ते ठरवायची सगळी कल्पना मुळात त्याचीच.

"बर्री, कूडरी," या, बसा, म्हणत बाईंनी त्याला मानानं बसवलं. "हा सॉफ्टवेअरचा दोष असेल का?"

"अजिबात नाही." उत्तर तयार होतं. "पन्हळीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, असं कुठलं यंत्र आपणहून करेल? ठिपके कुणीतरी हातानं ठेवलेत."

"दीक्षानं?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "फाइल तिची आहे. मी काय बोलू? नवीन आहे, चूक झाली असेल. श्रीवत्सनं तिला काढू नये, दुसऱ्या कामावर टाकावं."

"चूक झाली असेल म्हणजे तिनंच केलं म्हणायचं तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"पण तसं नाही, असंही म्हटलं नाही," हेमावतीबाई शांतपणे म्हणाल्या. तो गेल्यावर त्या बराच वेळ बोटानं टेबलावर ठिपके काढत बसल्या. त्याच्या बोलण्यातलं काहीतरी कानात बसलं होतं, दातात तंतू अडकावा तसं, आणि निघत नव्हतं.

४

"चल," त्या दीक्षाला म्हणाल्या. "पडदा पुरे झाला. तो चौकोन बघून येऊ."

दुपार कलत होती. रायापूरहून रिक्षानं त्या नवनगरात उतरल्या. दीक्षा हातातल्या नकाशावर बघत पुढे, बाई मागे. दोन वळणं घेतली, गल्लीत शिरल्या, आणि समोर तो करडा चौकोन उभा होता.

महादेवाचं देऊळ होतं ते. लहानसं, कुंपण नसलेलं, चारी अंगांनी डांबरी रस्ता. पूर्वेच्या दाराशी नंदी, आणि नंदीशेजारी बेलफुलांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती.

"देऊळ होय!" दीक्षा म्हणाली. "मला कल्पनाच नव्हती. तुम्ही आत जाऊन या, मॅडम, मी इथे थांबते. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. आम्ही देवाला हात जोडत नाही."

ती हे सरळ, मान वर करून बोलली. हेमावतीबाईंना तिचं ते बोलणं आवडलं. "थांब की. सावलीत थांब पण."

त्यांचं डोकं ठिपक्यांतच होतं. चपला काढल्या, नंदीपासून निघाल्या, गाडी गेली होती तशाच. दक्षिणेची बाजू झाली, पश्चिमेची झाली, उत्तरेच्या भिंतीला लागल्या. मनाशी पुटपुटत होत्या, इथे थबकते, इथे का थबकते, आणि तशाच पुढे पाऊल टाकणार, एवढ्यात म्हातारी कोपऱ्यावरून ओरडली.

"अक्का! दाटब्याड्री!"

ओलांडू नका! हेमावतीबाईंचं पाऊल अधांतरीच राहिलं. भिंतीतून एक दगडी पन्हळ बाहेर आली होती. पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी तिच्यातून ठिबकत होतं. जाणारे-येणारे रिक्षावाले तिच्यासमोरून बिनदिक्कत जातात, त्यांना कोण अडवतंय. पण देवाला आलेलं माणूस ती ओलांडत नाही. बाईंना हे माहीत नव्हतं थोडंच? जन्मभर माहीत होतं. डोकं जागेवर नव्हतं, इतकंच.

त्या वळल्या. आल्या वाटेनं नंदीपाशी परत. मग दुसऱ्या अंगानं पन्हळीच्या अलीकडपर्यंत. पुन्हा परत. नंदीपुढे जराशा उभ्या राहिल्या, आणि खो-खो हसायला लागल्या.

"मॅडम?" दीक्षा धावत आली. "काय झालं?"

"मी आत्ता कशी चालले, ते बघितलंस?"

दीक्षानं डोळे मोठे केले. "अँब्युलन्ससारख्या!"

"नाही गं. अँब्युलन्स माझ्यासारखी चालली." त्यांनी म्हातारीला विचारलं, "दुर्गव्वा नाव ना तुमचं? मघाशी कुणीतरी हाक मारली. इथे नव्या गाड्या आणतात का हो लोक?"

"हौद्री, आणतात की," दुर्गव्वा म्हणाली. "नवी गाडी पहिल्यांदा इथंच. लिंबू ठेवतात, गाडी फिरवतात. मग कामाला लावतात."

हेमावतीबाईंनी बेलाची जुडी घेतली. दातात अडकलेला तंतू आता सुटला होता. "दीक्षा, सोमवारी चांगला ड्रेस घालून ये. तुझी गाडी तुलाच चालवायची आहे."

५

रविवारी सकाळी श्रीवत्सनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. पडद्यावर चौकोन मोठा करून ठेवला होता. हेमावतीबाई कोर्टात उभ्या राहायच्या तशा, पदर खोचून उभ्या होत्या.

"ही गाडी बिघडली नव्हती आणि कुणी बिघडवलीही नव्हती. हा चौकोन म्हणजे महादेवाचं देऊळ. शंकराची प्रदक्षिणा पुरी करत नाहीत. पन्हळीपर्यंत जायचं, तिथून परत, मग दुसऱ्या बाजूनं पन्हळीपर्यंत, पुन्हा परत. ज्यानं हे ठिपके ठेवले, त्यानं अँब्युलन्सला प्रदक्षिणा घातली. माणसाच्या चालीनं. नव्या गाडीला पहिल्यांदा घालतात तशी."

सुधींद्रनं "अरे देवा" म्हटलं. श्रीवत्स खाली बसला.

"आता ऐका. दीक्षाचं घर देवाला हात जोडत नाही. तिला हे सुचणार नाही, आणि टवाळी म्हणून करायलाही ही चाल ठाऊक नव्हती. काल माझ्या डोळ्यांदेखत ती चकित झाली. सुधींद्र, उत्तरेच्या भिंतीला काय आहे?"

"भिंतीला? गेट असेल. मी कोपरा म्हणालो होतो ना?"

"श्रीवत्स?"

"मला तर नुसती भिंत दिसते."

"दिसणारच. पडद्यावर तेवढंच आहे." बाई वळल्या. "प्रभंजन, काल तू मला म्हणालास, पन्हळीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. करड्या चौकोनावर तुला पन्हळ कुठे दिसली?"

प्रभंजनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"देऊळ पाहिलं असेल, म्हणशील. मान्य. पण मग गाडी काय करतेय, हे तुला पहिल्या फेरीतच कळलं होतं. 'ही प्रदक्षिणा आहे, दीक्षाचं काम नव्हे,' एवढं एक वाक्य तू बोलला नाहीस. ओळखूनही गप्प कोण बसतो? ज्याला आपलंच झाकायचं असतं, तो."

मग प्रभंजननं चष्मा काढला.

"आम्ही पूर्वी त्या गल्लीत राहायचो," तो म्हणाला. "माझी पहिली सायकल, पहिली स्कूटर, सगळं आईनं तिथे नेऊन फिरवलं. मी भांडायचो तिच्याशी. हे काय खूळ, म्हणायचो. मग तिला झटका आला. अँब्युलन्स निघाली, आणि चुकीच्या वळणानं गर्दीत अडकली. हमरस्ता दिसत होता, गाडी हलत नव्हती. माझा हात धरून होती ती, आणि तशीच गेली. ही सगळी कल्पना मला तिथे सुचली. गुरुवारी सगळे गेले, मी हेल्मेटला आलो, पडद्यावर ती नवी गाडी उभी. वाटलं, एकदाच. तिच्यासाठी. कुणाला दिसणार आहे? फिरवली, आणि पुसून टाकणार होतो. पण खाली कुणीतरी हाक मारली, मी मशीन बंद केलं. ते आपोआप सेव्ह झालं होतं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बरोबर कळलं."

"आणि तरी गप्प?" हे दीक्षानं विचारलं.

"देव नाही म्हणून जन्मभर भाषणं दिली. लोक हसतील, म्हणून गप्प बसलो. स्वतःला सांगितलं, तुला दुसरं काम देतील, काय बिघडतं." त्यानं तिच्याकडे बघितलं. "बिघडतं. चुकलो मी."

हेमावतीबाईंचा राग अर्ध्यावर विरला होता, पण त्यांनी तो आवाजात ठेवला. "गाडी फिरवलीस, त्यात पाप नाही रे. आईची आठवण आली, फिरवलीस. पण सगळ्यांनी त्या पोरीकडे माना वळवल्या तेव्हा तू गप्प बसलास, आणि काल मी विचारलं तेव्हा खिडकीतून बाहेर बघितलंस. त्याची माफी माझ्याकडे मागून उपयोग नाही."

"दीक्षाकडेही इथे बंद दाराआड मागणार नाही," प्रभंजन म्हणाला. "ज्यांच्यासमोर तिची मान खाली गेली, त्यांच्यासमोरच मागेन."

६

सोमवारी विश्वस्त पुन्हा आले. ह्या वेळी एक पाहुणा जास्त होता: दीक्षाचे वडील यशपाल, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या खुर्चीत. हेमावतीबाईंनी त्यांना स्वतः फोन करून बोलावलं होतं.

प्रभंजन उभा राहिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. एकदोघं हसले. त्यानं हसू दिलं. "दीक्षाचा रस्ता निर्दोष होता. दोष माझा, आणि गप्प बसण्याचा दोष त्याहून मोठा. दीक्षा, मी तुझी माफी मागतो."

नारायणराव काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. "नवी गाडी देवाला नेली, होय?" ते म्हणाले. "आमच्या ड्रायव्हरांनीही नेल्याच असतील. फक्त रिकामी असताना नेतात. चालव बाळ, तुझी गाडी."

दीक्षानं माफीला मान हलवली. माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही. फळ्यावरचा पासवर्ड पुसलेला होता, हे बसता बसता तिनं पाहिलं. अँब्युलन्स निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. पडद्याच्या कडेला ती गल्ली दिसली, आणि गल्लीतला चौकोन. त्यावर आता नाव होतं: महादेवाचं देऊळ. ते काल संध्याकाळी दीक्षानंच घातलं होतं.

तिच्या मागे उभ्या प्रभंजनचे हात नकळत जुळले होते. पडद्याच्या काचेत तिला ते दिसलं.

"आता थांबायचं नाही, सर," ती मान न वळवता, हळूच म्हणाली. "आत पेशंट आहे."

"थांबलो असतो, तर आईनंच खाली उतरून माझे कान धरले असते," प्रभंजन म्हणाला. जुळलेले हात त्यानं ह्या वेळी लपवले नाहीत.

गाडी हमरस्त्याला लागली. उणकलचं तळं मागे पडलं. मागच्या खुर्चीतून यशपाल शेजारच्या विश्वस्तांना सांगत होते, न विचारताच आणि जरा मोठ्यानंच, की हा रस्ता त्यांच्या लेकीनं काढलाय.